दुसऱ्याच्या हातचं टार्गेट

आयुष्यात मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर शाळेतल्या आमच्या एन.सी.सी.च्या सरांचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी भरला, पुण्याला एस.टी.ने माझ्याबरोबर तेच आले, आणि हॉस्टेलच्या खोलीत माझी वळकटी ठेवून, ‘नीट राहा’ एवढंच बोलून परत गेले. कॅम्पवर रायफल धरायला मला त्यांनीच शिकवलं. आमच्या तालुक्याच्या मानाने माझा नेम बरा होता. सर मात्र सगळ्यांना सांगत, असा नेम मी दुसऱ्या पोराचा पाहिला नाही. मी तसा नाही हे त्यांना कधी कळू नये, एवढी एकच भीती मी इंग्लंडपर्यंत बरोबर नेली.

वॉटफर्डला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ऑफिसातले एक वयस्कर इंग्रज सहकारी मला त्यांच्या रायफल क्लबात घेऊन गेले. मनात मी त्यांना काका म्हणायचो. क्लबात पॉइंट टू-टूची हलकी रायफल होती, शाळेत होती तशीच, आणि माझं बरं चाललं होतं. सरांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं : ‘टू-टू ही पोरांची रायफल. आता सेंटरफायर घे. आपल्या कॅम्पवर ती कधी आली नाही. निदान तू तरी मारलेली मला कळू दे.’

सेंटरफायरच्या काडतुसात दारू कितीतरी जास्त असते. आवाज आणि खांद्याला बसणारा धक्का दोन्ही त्याच हिशेबाने. खरं सांगायचं तर मला ती नको होती. पण सरांना नाही कसं म्हणतात, हे मला माहीत नव्हतं.

आधी पोलिसांचं लायसन. त्यासाठी भिंतीत बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट हवं, आणि त्याची चावी फक्त माझ्याकडे हवी. घरमालकाची परवानगी काढून मी बेडरूममध्ये कपाट बसवलं. पोलिसांचा माणूस ते बघायला आला. बायकोने त्याच्यासाठी चहा-पोहे केले होते. त्याने सहज तिला विचारलं, चावी कुठे असते तुम्हाला माहीत आहे का?

तिला वाटलं, घर नीट सांभाळते की नाही हे विचारतोय. ती अभिमानाने म्हणाली, “ऑफ कोर्स! घरातली प्रत्येक चावी मलाच माहीत असते. यांना तर मोजेसुद्धा सापडत नाहीत.”

त्याचं लिहिणं थांबलं. पोह्याचा चमचाही थांबला. मग अर्धा तास तो मला समजावत होता, आणि मी मान डोलावत होतो. त्या दिवसापासून चावी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात गेली. अंघोळीलासुद्धा ती काढायची सोय नव्हती.

“नवऱ्यापेक्षा त्या कपाटाला जास्त मान,” बायको म्हणाली. “अहो, पण हवीय कोणाला ती बंदूक?”

“सरांना.”

“मग सरांच्या घरी ठेवा की.”

लायसन आल्यावर काका मला दुकानात घेऊन गेले. त्यांनीच एक जुनी, थ्री-ओ-एट या सेंटरफायर काडतुसाची रायफल निवडली. दुकानदाराने ती माझ्या खांद्याला लावून पाहायला सांगितली. दस्ता मला लांब होता. वर बसवलेल्या दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून मान पुढे काढावी लागत होती.

“कम्फर्टेबल?” दुकानदाराने विचारलं.

काका कौतुकाने बघत होते. वडीलधाऱ्या माणसाने हौसेने निवडलेल्या वस्तूत खोट काढायची आमच्याकडे रीत नाही. मी म्हणालो, “परफेक्ट.”

मोठ्या रायफलींसाठी क्लबला महिन्यातून एकच रविवार उघड्यावरची रेंज मिळायची. जूनमधल्या त्या रविवारी मी शंभर यार्डांवरच्या कागदासमोर चटईवर पालथा पडलो. डावीकडे एक, उजवीकडे चार जण. पहिली गोळी सुटली आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळली. डोळ्यात काहीतरी कोमट उतरलं. मला उठायचं होतं. पण सगळ्यांच्या दहा गोळ्या संपून रेंज ऑफिसरचा हुकूम येईपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. हात वर केला असता तर त्याने सगळ्यांना थांबवलं असतं. पाच माणसं माझ्यासाठी थांबतील, हा विचार मला भुवईपेक्षा जास्त लागला. मी उरलेल्या नऊ गोळ्या मारल्या. प्रत्येक वेळी बोट घोड्यावर जायच्या आधीच डोळे मिटत होते.

कागदापर्यंत सगळे बरोबर चालत गेलो. माझ्या कागदावर चार भोकं होती.

“रायफलच बिघडली असेल,” काका म्हणाले. भुवईवर पट्टी लावून झाल्यावर पुढच्या फेरीत माझीच रायफल घेऊन त्यांनी नव्या कागदावर पाच गोळ्या मारल्या. पाचही एका बशीच्या आत. “नाही, रायफल ठीक आहे,” असं म्हणत त्यांनी तो कागद मला दिला आणि हसून माझा फोटो काढला. कपाळावर पट्टी, हातात कागद.

“गोळी मागून सुटली का हो?” घरी आल्यावर बायकोने विचारलं. चार दिवसांनी फोटो आणि काकांचा कागद सरांना पोस्टाने पाठवला. पत्रात लिहिलं, ‘पहिल्या दिवशीचं टार्गेट पाठवतो आहे.’ बाकी काही लिहिलं नाही. न लिहून जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

जुलैचा रविवार जूनसारखाच गेला. ऑगस्टमध्ये काकांनी मला न सांगता रायफलीत रिकामं काडतूस भरून दिलं. मी नेम धरला, घोडा ओढला. आवाज नाही, धक्का नाही. नळी मात्र सगळ्यांच्या देखत वीतभर खाली गेली. मागून कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. “रायफलीचा दोष नाही,” ते हळू म्हणाले. “तू तिला घाबरतोस. का करतोस हे?”

त्याच आठवड्यात सकाळी सरांचा फोन आला.

“अरे, तुझं टार्गेट फ्रेमला दिलंय! खंडेनवमीला शाळेतल्या ड्रिलच्या रायफलींबरोबर त्याचीही पूजा करणार. हेडमास्तर भाषण करतायत तुझ्यावर.”

“सर, ते टार्गेट…”

“आता लाजू नकोस. एवढ्या पोरांत एक तरी निघाला. बरं, ठेवतो, बिल वाढतंय.”

फोन ठेवला गेला. चावी छातीला घामाने चिकटली होती. परत फोन लावायची हिंमत झाली नाही. सर ‘बोल’ म्हणाले असते, तर मी पुन्हा ‘हो सर’च म्हणालो असतो. म्हणून जूनमधला माझा कागद बॅगेत घातला, ट्रेनमध्ये गुडघ्यावर वही धरून हे पत्र लिहिलं, आणि ऑफिसात शिरायच्या आधी पेटीत टाकलं :

आदरणीय सर,
सा. न.

तुम्हाला पाठवलेलं टार्गेट माझं नाही. माझ्या रायफलीतून माझ्या एका सहकाऱ्यांनी ते मारलं. तुम्हाला ते माझं वाटेल हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पाठवलं. कृपा करून त्याची पूजा करू नका, आणि हेडमास्तरांना भाषण करू देऊ नका. फोनवर हे सांगायला मला जमलं नसतं.

माझं खरं टार्गेट सोबत जोडतो आहे. दहापैकी चार गोळ्या लागल्या आहेत. बाकीच्या सहा कुठे गेल्या ते मला माहीत नाही, कारण तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. मला या रायफलीची भीती वाटते, सर. ती मी तुमच्यासाठी घेतली. आता विकणार आहे. टू-टू चालू ठेवीन, ती मला आवडते.

तुम्ही रागावलात तर तसं लिहा. फक्त पत्र लिहायचं बंद करू नका.

आपला विद्यार्थी