वायरला विचारून वळवणारे मामा

वायरला विचारल्याशिवाय तिला वळवू नये, असं मानणारा माणूस सबंध नंदुरबार जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा मामेसासरा आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही सांगत नाही. ज्याच्या घरी किंवा कचेरीत मामांनी कधी काळी एक जरी वायर ओढली असेल, तो हे असंच सांगेल आणि सांगून झाल्यावर छताकडे बघेल. मामांनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात तळोद्याला केबल जोडण्याचं काम केलं. खड्ड्यात बसायचं, शेकडो बारीक तारांमधून रंग ओळखून तारेला तार लावायची, सांधा बंद करायचा, खड्डा बुजवायचा आणि सायकलवर बसून पुढच्या खड्ड्याकडे जायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी खड्डे सोडले, पण खड्ड्यात असतानाची एकाग्रता काही सोडली नाही. आजही ते जेवताना ताटातली भेंडी रंगावरून लावून घेतात, अशी माझ्या बायकोची माहिती आहे.

पुण्याची नोकरी सोडून मी शहाद्याला सॉफ्टवेअर स्टुडिओ काढायचं ठरवलं, तेव्हा मामा त्यात येतील असं माझ्या मनातही नव्हतं. प्रकाशा रस्त्याला कापसाचं एक रिकामं गोदाम मिळालं. आमचं काम मुलांच्या खेळांचं आणि चलतचित्रांचं. एकेक फाइल एवढी जड की वायफायवरून उघडायला घेतली तर माणूस मधल्या वेळात जेवून येईल. म्हणून बावीस मशीनना वेगवान केबलचं जाळं हवं होतं. सुरतेहून एक इंजिनिअर आला, त्यानं अर्ध्या दिवसात नकाशा काढून दिला आणि गेला. बायको म्हणाली, "एकदा मामांना दाखवा." ती असं म्हणते तेव्हा मोठ्यांचा मान राखायचा असतो एवढंच मला वाटलं होतं. मामांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, घडी करून खिशात घातला आणि तळोद्याची बस पकडली. तिसऱ्या दिवशी ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढलेला स्वतःचा नकाशा घेऊन आले. त्यात बावीस जागांच्या साठ जागा झाल्या होत्या. जिथे टेबल येणार नव्हतं तिथे, जिन्याखाली, एवढंच काय, संडासाच्या दारासमोरच्या भिंतीतही एक जागा होती. मी विचारलं, इथे कोण बसणार. मामा म्हणाले, "आज कोणी नही. उद्यानं तुम्हले काय माहीत?" उद्याचं मला खरोखरच माहीत नव्हतं, त्यामुळे साठ जागा मंजूर झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळच्या बसनं यायला लागले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे स्टीलचे पेले ताब्यात घेतले. केबल पेल्याच्या गोलाईपेक्षा कमी जागेत वळली तर आतल्या तारा चिरडतात आणि वेग मरतो, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर केबल आधी पेल्याभोवती फिरायची आणि मग भिंतीला लागायची. हे शास्त्राला धरून होतं, मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात पेले नव्हते एवढंच. पुढचा दीड महिना आम्ही सगळे बशीतून चहा प्यालो. आमचा इलेक्ट्रिशियन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी केबलींचे जुडगे आवळायचा. मामांनी त्या सगळ्या कापल्या आणि जुन्या पद्धतीनं मेण लावलेल्या दोरीच्या सैल गाठी वीत-वीत अंतरावर मारल्या. "गळा आवळा तर ती बोलई कशी?" हे त्यांनी इलेक्ट्रिशियनला इतक्या सौम्यपणे विचारलं की तो बराच वेळ स्वतःची कॉलर सैल करत होता. विजेची वायर आणि आपली केबल यांच्यात कायम हातभर अंतर, कारण मामांच्या मते त्या वाटण्या झालेल्या भावांसारख्या आहेत: एकमेकांच्या शेजारी राहावं, पण एका अंगणात नको. कुठे एकमेकींना ओलांडायचंच झालं तर रस्ता ओलांडतो तसं सरळ आडवं ओलांडायचं आणि पुढे जायचं, रेंगाळायचं नाही.

नावांचा प्रकार निराळाच. जगभर केबलींना आकडे देतात. मामांना आकडे लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. त्यामुळे आमच्याकडची प्रत्येक केबल कुठल्या ना कुठल्या गावाची आहे. माझं टेबल ब्राह्मणपुरी, सर्व्हरची खोली तळोदा आणि जिन्याखालची रिकामी जागा तोरणमाळ, कारण तिथे पोचायला वेळ लागतो. नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस "मोलगी सकाळपासून मंद आहे" असली वाक्यं ऐकून आपण चुकून हवामान खात्यात आलो की काय असं वाटतं.

मोलगी म्हणजे रोझलीनचं टेबल. रोझलीन नवापूरकडच्या डोंगरातली, घरी शेती, आईवडील थकलेले. पुण्यात चांगल्या पगारावर होती, माझ्या भरवशावर ती नोकरी सोडून इकडे आली होती. तिच्यासारखे आणखी तेरा जण होते. आणि हा सगळा डोलारा एका कामावर उभा होता. बंगळूरची एक कंपनी आम्हाला दोन वर्षांचं काम देऊ पाहत होती, पण त्यांची माणसं आधी येऊन बघणार होती की एवढ्या लहान गावात एवढ्या जड फाइली बावीस मशीनवर एका वेळी चालतात का. चालल्या तर काम आमचं, नाहीतर रोझलीन पुण्याला, बाकीचे सुरतेला आणि मी कुठे, हे मी ठरवलं नव्हतं.

पाहुणे यायला दहा दिवस राहिले आणि मामांना नात्यातल्या एका लग्नाला साक्रीला जावं लागलं. जाताना बजावून गेले की केबलीचा दुसरा माल आला तर मी येईपर्यंत खोकं उघडायचं नाही. माल त्याच दिवशी आला. मला घाई होती. इलेक्ट्रिशियनला हाताशी धरून मी दोन दिवसांत मशीनच्या राहिलेल्या दहा जागा ओढून घेतल्या, भिंती बंद केल्या आणि वर रंगही दिला. सगळीकडे हिरवे दिवे लागले. फार छान वाटलं.

मामा परत आले, त्यांनी दिव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. उरलेल्या खोक्यातला केबलीचा तुकडा हातावर तोलला, पिशवीतून चाकू काढला, आतली तार सोलली आणि पात्यानं हळूच खरवडली. तांबूस रंगाखाली पांढरं दिसलं.

"हे तांबं नही," ते म्हणाले. "अॅल्युमिनियमले वरथून लाली लायेल शे. बठ्ठं काढनं पडई."

मी दिवे दाखवले. वेग मोजून दाखवला, तोही बरा होता. मामांचं एकच म्हणणं: थंड आहे तोवर चालेल, एक एक मशीन चालेल, सगळी मिळून उन्हाच्या वेळी चालणार नाहीत. मी म्हणालो, आठ दिवस राहिलेत, सगळं काढून पुन्हा भिंती फोडायला वेळ नाही. मामा शांतपणे म्हणाले की त्यांना वेळेचं काही कळत नाही, तांब्याचं कळतं. आणि मग मी ते बोललो. मी म्हणालो, "मामा, हे टेलिफोन खातं नाही. तुमच्या लाइनी कधीच बंद झाल्या."

हे बोलायला फार मोठा आवाज लागला नाही, आणि ते ऐकायला स्टुडिओतली सगळी माणसं हजर होती. मामांनी चाकू मिटला, तो पिशवीत ठेवला, टोपी सारखी केली आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागले. रोझलीन म्हणाली, "उद्या दुपारी सगळी मशीन एकदम लावून बघू. मामा चुकले असतील तर बरंच आहे."

मामा चुकले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी, पत्रा तापल्यावर, बावीस मशीनवर एकदम जड फाइली उघडल्या. मामांनी ओढलेल्या बारा जागा जराही हलल्या नाहीत. मी ओढलेल्या दहांपैकी चार आधी मंदावल्या, मग तीन तुटल्या, पुन्हा जुळल्या, पुन्हा तुटल्या. उरलेल्या तिन्हींनी मान राखला, तोही दहाच मिनिटं. दिवे मात्र हिरवेच होते. रोझलीननं प्रत्येक वेळी तुटल्याचा वेळ कागदावर लिहिला आणि तो कागद माझ्या टेबलावर, ब्राह्मणपुरीला, आणून ठेवला.

मी नाशिकहून खात्रीची केबल मागवली आणि दुपारच्याच जीपनं तळोद्याला निघालो. वाटेत काय बोलायचं त्याची तयारी केली. मामा ओसरीवर बसून मामींबरोबर तुरीची डाळ निवडत होते. मला बघून ते सरकले आणि डाळीचा एक ढीग माझ्यापुढे केला. थोडा वेळ तिघांनी मिळून खडे काढले. मग त्यांनी विचारलं, "नवी केबल मांगाडी का?"

मी हो म्हटलं. म्हटलं, मामा, त्या दिवशी मी जे बोललो ते...

"ते खरं शे," मामा म्हणाले. "लाइनी बंद व्हयन्यात." त्यांनी डाळीतला एक खडा उचलला, निरखून पाहिला, बाजूला ठेवला. "पन त्या बंद कऱ्यात, जवाईबापू. बंद पडन्या नहीत."

मामी उठून आत गेल्या. मी डाळीत पुढचा खडा शोधायला लागलो. मामांनी राहिलेली डाळ सुपात भरली आणि उद्या पहिल्या बसनं येतो म्हणाले.

पुढचे पाच दिवस आम्ही माझ्याच हातानं रंगवलेल्या भिंती फोडल्या. मामांनी एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही, आणि त्यामुळे मला जो त्रास झाला तो त्यांनी ते म्हटलं असतं तर झाला नसता. याच दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. केबलीच्या आत रंगीत तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात आणि त्या ठरलेल्या क्रमानं बसवाव्या लागतात. मामा त्या खिडकीपाशी नेऊन, तिरप्या धरून बघत होते. त्यांना नारिंगी आणि तपकिरी वेगळे दिसत नव्हते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रोझलीनला कुणी काही सांगितलं नाही, तरी ती आपलं काम सोडून त्यांच्या शेजारी पाटावर येऊन बसली आणि रंग वाचायला लागली. "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा..." ती सांगायची आणि मामांची बोटं तारा बसवायची. पीळ नखाएवढाच उकलायचा, त्याहून जास्त नाही. डोळ्यांनी जे हरवलं होतं ते बोटांना पाठ होतं. तिनं एकदा नारिंगीच्या जागी चुकून निळा म्हटला, तर ते थांबले आणि म्हणाले, "पोरी, निळा अजून उना नही." म्हणजे निळ्याची पाळी अजून यायची आहे.

पाहुणे आले. तिघे होते. भर दुपारी बावीस मशीनवर बावीस जड फाइली उघडल्या, त्यांनी आणखी उघडायला सांगितल्या, त्याही उघडल्या. त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ प्रसन्न झाले आणि म्हणाले की तुमच्याकडचं वायफाय फार चांगलं आहे. कोपऱ्यात स्टुलावर मामा बसले होते, धुतलेला सदरा आणि टोपी घालून. त्या गृहस्थांना ते गोदामाचे राखणदार वाटले. त्यांनी पाणी मागितलं. मी पुढे झालो, हे कोण आहेत ते सांगायला, पण मामांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, आत जाऊन स्टीलचा पेला विसळला आणि पाणी आणून दिलं. काम आम्हाला मिळालं. त्या दिवशी रोझलीननं घरी फोन केला तेव्हा तिचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

संध्याकाळी मी मामांना बसस्टँडवर सोडायला गेलो. मी म्हटलं, त्यांना सांगायला हवं होतं की हे सगळं तुमचं काम आहे. मामांना ते पटलं नाही. पाहुण्यांना केबल दिसली नाही, म्हणजे काम नीट झालं, असं त्यांचं म्हणणं. तळोद्याची बस लागायची होती. बराच वेळ ते समोरच्या खांबावरच्या वायरींच्या गुंत्याकडे नापसंतीनं बघत राहिले. मग सहज बोलल्यासारखे म्हणाले, "फोन बंद पडना की बठ्ठा तालुका माले शोधे. तीस वरीसमा कोणी येईसन सांगं नही की, भाऊ, मन्हा फोन चालू शे."

तेवढ्यात बस लागली आणि ते खिडकीची जागा धरायला गेले.

आता त्यांचं येणं कमी झालंय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे, आणि बसच्या पायऱ्या हल्ली उंच केल्यात अशी त्यांची तक्रार आहे. स्टुडिओत त्यांना बोलवावं असं काही बिघडतही नाही, ही पंचाईत त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. म्हणून अधूनमधून, सकाळी सगळी मशीन सुरू झाली की मी त्यांना फोन करतो. म्हणतो, मामा, सगळं चालू आहे. पलीकडून विचारतात, "मंग, काम काय व्हतं?" मी म्हणतो, काही नाही, एवढंच सांगायचं होतं. ते म्हणतात, "बरं. ठेवू मंग?"

आणि ठेवत नाहीत.