वाळलेलं लिंबाचं झाड

सोलापुरातल्या फ्लॅटवाल्यांनो, मार्च लागला की आपलं सगळ्यांचं एकच रडगाणं... सावली उरली नाही, गाडीच्या सीटला हात लावता येत नाही. सावली जाते कशी, ते ऐका.

परवा आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी झाडं तोडणाऱ्या मामांना फोन केला. "गेटजवळचं वाळलेलं लिंबाचं झाड काढून टाका." त्यांच्या मनात होतं कीड लागलेलं, कमरेएवढं कागदी लिंबाचं झुडूप.

संध्याकाळी मी घरी आले तर गेटजवळचा कडुनिंब आडवा! माझ्या कवेत न मावणारा. एरवी त्याच्या सावलीत इस्त्री करणाऱ्या सुमनबाई टेबलासकट उन्हात...

"कुणी सांगितलं हे तोडायला?" मी ओरडलेच.

मामा जवळच्या वळसंग गावचे. "तुमच्याच सायबांनी की, ताई. वाळल्यालं लिंबाचं झाड म्हणलं. बगा, पान न्हाय एक."

"अहो, ते तिकडचं!" मी झुडपाकडे बोट दाखवलं.

"त्ये व्हय? त्ये लिंबू हाय की!"

शब्दात मामांचं बरोबरच होतं. आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंब. पण झाड वाळलेलं नव्हतं हो... होळीच्या सुमाराला कडुनिंब जुनी पानं झटकतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस पालवी धरतो. एखाद्या कोवळ्या फांदीच्या सालीवर नख ओढलं असतं तरी आतला ओला हिरवा थर दिसला असता.

दुपारभर करवत चालली. बाल्कन्यांतून सगळ्यांनी पाहिलं, व्हिडिओ काढले, खाली कुणी उतरलं नाही. दर पाडव्याला याच झाडाची डहाळी गुढीला बांधणारी ही माणसं... पानगळीवर शाळेत मार्क मिळवलेली, आणि दारातलं झाड जिवंत की मेलेलं हे न कळणारी!

करवत थांबल्यावर सगळे खाली जमले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "एवढं काय त्यात, ताई? दुसरं लावू की."

सुमनबाईंनी मान वर केली नाही. "लावा की, सायेब. तवर कोळसा नगं मला. हितं ऊनच इस्त्री तापवंल."

कुणी हसलं नाही. मे महिन्यात त्या जागेवर उभं राहून त्यांचा धंदा होणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसरी जागा त्यांना कुणी देणार नाही, हेही.

आता मुद्द्याचं. कडुनिंब वरून तोडला म्हणून मरत नाही. मुळांत साठवलेलं अन्न असतं, बुंधा शाबूत राहिला तर त्यावर नवे कोंब फुटतात... आणि चांगले जोमाने वाढतात. पण रविवारी तो बुंधाही उकरून तिथे पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं आहे.

पोस्टखाली रडके इमोजी टाकू नका. जुळे सोलापूर भागात राहत असाल तर रविवारी सकाळी, कामगार यायच्या आधी, आमच्या गेटवर या आणि त्या बुंध्याभोवती माझ्यासोबत उभे राहा.