सोन्याची सत्ती

फेर्मिन ओहेदाला जगात एकच माणूस उरला होता, आणि त्या माणसाशी त्याचं दिवसातून दोनदा भांडण व्हायचं.

बायको कधीचीच गेली. मूलबाळ नव्हतंच. पाराना नदीवरच्या ज्या तरीवर त्यानं चाळीस वर्षं दोर ओढले, ती तर पूल झाल्यावर भंगारात निघाली. राहिला तो सेलेस्तिनो बारेतो. गावातला न्हावी. तोंड असं चालायचं त्याचं की कात्री मागं पडावी. तरुणपणापासून दोघं ट्रुकोच्या डावात भिडू. वृद्धाश्रमात आधी सेलेस्तिनो आला, आणि आठ महिन्यांनी फेर्मिन एक पिशवी घेऊन दारात उभा.

"आलास? मला वाटलं, मधेच मरशील," सेलेस्तिनो म्हणला.

"आणि तुला एकट्याला हरू देऊ होय, म्हाताऱ्या?"

तर ट्रुको म्हणजे पत्त्यांचा खेळ, चौघांचा. भिडू समोरासमोर बसतात. आपल्याकडं कुठलं मोठं पान आहे ते तोंडानं सांगायचं नाही, चेहऱ्यानं सांगायचं. भुवया उडवल्या की तलवारीचा एक्का. डोळा मारला की गदेचा एक्का. तोंड डावीकडं वाकडं केलं की सोन्याची सत्ती. विरुद्ध जोडीची नजर चुकवून करायचं, आणि त्यांनी ते पकडायचं. सगळी गंमत त्यातच.

सेलेस्तिनोची खोड अशी, की तो विरुद्ध जोडीला फसवायला खोट्या खुणा करायचा. हातात काही नाही आणि भुवया उडवतोय. ती जोडी फसायची तसा फेर्मिनही फसायचा, आणि मग सुरू.

"अरे, मी तुझा भिडू आहे का गिऱ्हाईक? मलाच भादरतोस?"

"भिडूला डोकं असलं असतं तर त्याला कळलं असतं!"

भांडण झालं की दोघं बोलायचे नाहीत. डाव अंगणात, संत्र्याच्या झाडाखालच्या टेबलावर चालायचा, आणि सेलेस्तिनो तिथंच सगळ्यांकडं पाठ करून बसून राहायचा. संध्याकाळपर्यंत कुणी त्याच्या वाटेला जायचं नाही, गेलं की अंगावर यायचा. आश्रमात हे सगळ्यांना ठाऊक होतं. परिचारिका इर्मासुद्धा म्हणायची, "नवराबायको रुसलेत, मधे पडू नका."

त्या आठवड्यात असाच एक मोठा डाव खोट्या खुणेपायी गेला, आणि फेर्मिननं पत्ते जमिनीवर आपटले. "बास. दुसरा भिडू बघ." सेलेस्तिनो पहिल्यांदा घाबरला. रात्रभर विचार केला असणार, कारण सकाळी येऊन म्हणला, "आईची शपथ. आजपासून एक खूण खोटी करणार नाही. बस माझ्यासमोर."

फेर्मिन बसला. विरुद्ध आश्रमातलेच रोलोन भाऊ, दोघंही बेरकी. दोन डाव बरे गेले. तिसऱ्या डावाला पानं वाटली, फेर्मिननं मान वर केली, आणि सेलेस्तिनोचं तोंड डावीकडं वाकडं. चांगलं स्पष्ट. सोन्याची सत्ती!

"ट्रुको!" डाव दुप्पट करायला फेर्मिन ओरडला. बाहेर बेकरीची साडेदहाची गाडी हॉर्न वाजवत होती, त्यावरून त्याचा आवाज गेला.

रोलोन भावांनीही ते तोंड पाहिलं होतं. थोरला हसला, त्याला न्हाव्याच्या खुणा ठाऊक होत्या. "सत्ती दिसली बरं का, न्हाव्या! आम्ही वाढवतो."

"तुम्ही वाढवा, मी त्याच्यावर वाढवतो," फेर्मिन म्हणला. शपथ घेतलेला भिडू समोर होता, त्याला काय भीती! "टाक रे सत्ती. टाक!"

सेलेस्तिनो टाकेना. हात टेबलावर तसाच. मग बोटं सैल पडली आणि तिन्ही पानं उलटी झाली. चव्वी, पंजी, गुलाम. सत्ती कुठंच नाही.

रोलोन भाऊ हसून हसून खोकायला लागले. फेर्मिननं टेबलावर मूठ आपटली.

"आईची शपथ घेतलीस! मेलेल्या आईची! चोवीस तास नाही राहवलं?"

सेलेस्तिनो काहीतरी म्हणला, तोंडातल्या तोंडात. तोंड अजून वाकडंच.

"वेडावून दाखवतोस? तोंड सरळ कर, डाव संपला!" फेर्मिन उठला. "तुझं माझं संपलं. मेलास तरी खांदा द्यायला येणार नाही." आणि निघून गेला. रोलोन भाऊही उठले. सेलेस्तिनो झाडाखाली तिथंच खुर्चीत, पाठ दाराकडं.

जेवायची घंटा झाली. त्याची खुर्ची रिकामी. इर्मानं विचारलं, "बोलावू का त्याला?"

"राहू दे," फेर्मिन म्हणला. "भूक लागली की येईल झक मारत."

त्यानं शेवयांचं सूप संपवलं, वर पाव मागून घेतला. पाव मोडता मोडता मनात आलं, आज मागून शिवी कशी नाही आली? भांडून फेर्मिन पाठ वळवायचा, तेव्हा सेलेस्तिनो दारापर्यंत शिव्या घालायचा. आज एक शब्द नाही. फेर्मिन पाव टाकून अंगणात गेला. सेलेस्तिनो खुर्चीत उजवीकडं कलला होता, लाळ सदऱ्यावर आली होती, आणि डोळे उघडे. तोंड तसंच. तीन तास तसंच.

दवाखान्याची गाडी आली. तरणी डॉक्टरीण होती. "अर्धांगाचा झटका आहे. कधीपासून असं आहे? चार-साडेचार तासांच्या आत पोचलो तर इंजेक्शन देता येतं. पण वेळ खरी सांगा. उशिरा दिलं तर त्यानंच जीव जाईल."

इर्मा म्हणाली, "आम्ही आत्ताच पाहिलं." रोलोन भाऊ जमिनीकडं बघायला लागले.

'आत्ताच' म्हणणं सोपं होतं. कुणी विचारलं नसतं. पण फेर्मिन ओरडला, "साडेदहाला! मी ट्रुको म्हणलो तेव्हा बेकरीची गाडी दारात होती. मी पाहिलं तोंड. मला वाटलं, पान आहे!"

डॉक्टरीण घड्याळ बघून पळाली. शहर तासाभराच्या वाटेवर. फेर्मिन गाडीच्या दाराला धरून राहिला, त्याला सोडवून बाजूला केला. "तुम्ही नातेवाईक नाही," म्हणले.

वीस मिनिटं उशीर झाला, असं नंतर कळलं. इंजेक्शन नाही देता आलं. फेर्मिन सांगेल त्याला सांगायचा, "सूप प्यायला मला अर्धा तास लागला." दुसरं काही बोलायचा नाही.

सेलेस्तिनो जगला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलीनं त्याला तिथंच ठेवायचं ठरवलं, तिच्या घराजवळ. नवव्या दिवशी फेर्मिन कुणाला न सांगता बसनं दवाखान्यात गेला. गुडघ्यानं दोनदा दगा दिला, दोनदा लोकांनी उठवलं.

खाटेवर सेलेस्तिनो पाऊण झाला होता. फेर्मिन जवळ बसला.

"मी पाहिलं होतं रे," म्हणला. "सगळ्यांआधी मीच पाहिलं. वर इर्माला म्हणलो, राहू दे." मग आणखी जवळ सरकला. "शिव्या घाल ना. एक तरी घाल. न्हाव्या, एक!"

सेलेस्तिनोच्या घशातून घरघर आली, तिचा शब्द होईना. त्यानं डावा हात उचलला. फेर्मिननं गाल पुढं केला, मारलं तर मारू दे म्हणून. पण त्या हातानं त्याची बाही धरली. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

रागानं धरली का जाऊ नको म्हणून धरली, फेर्मिनला कळेना. त्यानं त्या चेहऱ्याकडं बघितलं, पन्नास वर्षं वाचलेल्या चेहऱ्याकडं, आणि त्याला एक अक्षर लागेना.

तिथली परिचारिका येऊन म्हणाली, "आजोबा, वेळ संपली. तुमची शेवटची बस पाचला आहे ना?"

"सोड रे," फेर्मिन हळूच म्हणला. सेलेस्तिनोनं सोडली नाही.

पाच वाजून गेले. फेर्मिन तसाच वाकून बसला होता, बाही सेलेस्तिनोच्या मुठीत.