डिस्कवरचा गंज अन् शेजाऱ्यांची जुनी गाडी

मंडळी, आज लई जीव जळाला. माझी गाडी रोज धुऊन कव्हरखाली ठेवलेली, तरी ब्रेकच्या डिस्कवर तांबडा गंज! शेजारच्या रशीदभाईंची जुनी गाडी धुळीनं माखलेली, पण डिस्क लखलखीत.

न राहवून विचारलं, "भाई, डिस्कला काय लावता हो?"

"काही न्हाई काका, रोज चालवतो. तुम्ही ओली गाडी झाकून राहिलात. गंज वरवरचा हाय, चालवून ब्रेक मारले की जाईल."

तेवढ्यात भाभी येऊन भाईंच्या शेजारी गाडीत बसल्या अन् दोघं देगलूरला लेकीकडं निघाले. मग तर त्या जोडीचाच हेवा वाटला.

आमची ही दारातून म्हणाली, "माहूरच्या रेणुकामाईला काय सांगू? गाडी मळेल म्हणून ह्यांनी आणलं न्हाई?"

आता माहूरच्या वाटेवर, भोकरला चहाला थांबलोय. गंज निघाला, हिचा रुसवा बाकी हाय. कुणाकडं उपाय असला तर सांगा.