काठमांडूत मला लकवा मारला

परदेशात मला एकदा लकवा मारला. तो वीस मिनिटं टिकला.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. तुमसरहून यात्रेची बस पशुपतिनाथाला निघाली. आई गेल्यावर मला वाढवणारी बपेऱ्याची काकू त्या बसमध्ये होती, आणि तिच्या सोबतीला मी, शाळामास्तर. बसबरोबर आणलेल्या स्वयंपाक्याची खिचडी दहा दिवस खाल्ल्यावर काठमांडूत मी काकूला म्हटलं, "चाल, इथलं काही खाऊ. मले नेपाळी समजते." (समजत नव्हती.)

एका गल्लीत काकूच्याच वयाची एक बाई द्रोणात उकडलेले बटाटे आणि लालभडक चटणी विकत बसली होती. मी चटणीवर तुटून पडलो. बाई हात हलवत म्हणाली, "बिस्तारै, बाबु, बिस्तारै."

"काय म्हणून राहिली?" काकूनं विचारलं.

"बिनधास्त खा म्हणते."

तिला 'हळूहळू' म्हणायचं होतं. हे कळेपर्यंत दुसरा द्रोण संपला होता आणि माझे ओठ नाहीसे झाले होते. जीभ तर लाकडाची झाली.

"काकू, माहं तोंड गेलं."

"कोठी गेलं?"

"लकवा मारला."

काकूनं माझ्या ओठाला चिमटा काढला. "लागलं?"

"नाही."

ती रस्त्यातच बसली. "तुह्या मायनं तुले माह्या पदरात टाकलं होतं रे. आता कोणत्या तोंडानं गावाले जाऊ?"

मलाही रडू आलं. शेवटचं काहीतरी थोर बोलावं असं वाटलं, पण निघालं ते, "शाळेच्या कपाटाची किल्ली खुंटीले हाय."

आमचा निरोपसमारंभ पाहून बाई आधी घाबरली, मग पोट धरून हसली. चटणीतला मिऱ्यासारखा एक दाणा तिनं स्वतः चावला, एक काकूला दिला. जरा वेळानं काकूचेही ओठ बधिर झाले.

"अरे गाढवा," ती बोबडं बोलली, "हा तं मसाला हाय."

बाईनं मातीच्या वाटीत दही दिलं, माझे डोळे आपल्या पदरानं पुसले. बस कुठं उभी आहे हे (अर्थात) मला सांगता येईना, तेव्हा दुकान शेजारणीवर सोपवून ती गल्ल्या धुंडाळत बसपर्यंत आली. वाटेत दोघी हातात हात घालून आपापल्या भाषेत बोलत होत्या, आणि एकमेकींचं सगळं त्यांना कळत होतं. निघताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

जाताना तिनं मूठभर दाणे काकूच्या पदरात बांधले. परतीच्या वाटेवर मी नेपाळचा इतिहास सांगू लागलो, की काकू एक दाणा माझ्यापुढं धरायची. बसमधली माणसं त्या बाईला अजून दुवा देतात.