मास्तर डोळे मिटून बसले होते

आमचे हेडमास्तर गेले तेव्हा आम्ही सगळी मुलं त्यांच्यासमोरच बसलो होतो, आणि आमच्यापैकी एकालाही ते कळलं नाही.

चैत्र महिना होता. उन्हामुळे शाळा सकाळची झाली होती. आमचं गाव वाशीमकडचं, अनसिंगच्या अलीकडे. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी आणि अंगणात कडुनिंब. मी चौथीत होते. मास्तरांनी फळ्यावर गणितं घातली, हात झटकले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "शांतपणे करा. घाई नको." मग त्यांनी डोळे मिटले.

मास्तर वर्गात कधी झोपत नसत. म्हणून आम्हाला त्याची मोठी गंमत वाटली. पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं, तोंडं दाबून हसून घेतलं. पण कुणी आवाज केला नाही. मास्तर दमले असतील, झोपू द्यावं, असं आम्ही न बोलताच ठरवलं. पाटीवर पेन्सिल कुरकुरली तरी शेजारचा डोळे वटारायचा. इतका शहाणा वर्ग त्या शाळेनं कधी पाहिला नसेल.

माझी गणितं झाली. मी पाटी घेऊन त्यांच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "गुरुजी." पुन्हा म्हटलं. मग त्यांच्या हाताला हात लावला. तो खुर्चीच्या दांडीवरून घसरला आणि खाली लोंबत राहिला. हात गरम होता. मी घाबरले नाही. मला वाटलं, आता ते जागे होऊन रागावतील.

ते हलले नाहीत, तेव्हा एक पोरगा शेजारच्या खोलीतून दुसऱ्या मास्तरांना घेऊन आला. त्यांनी हाक मारली, खांदा हलवला. आमच्या गावात कापसाला काय तोटा! कुणीतरी सरकीसकट बोंडातला कापूस आणून दिला. त्याचा तंतू त्यांनी मास्तरांच्या नाकापुढे धरला. आम्ही सगळे त्या तंतूकडे बघत होतो. तो हलला नाही. दुसरे मास्तर तसेच जमिनीवर बसले आणि आम्हाला म्हणाले, "घरी जा रे." कुणीच उठलं नाही.

हेडमास्तर मूळचे साताऱ्याकडचे. बायको वारल्यावर बदली घेऊन इकडे वऱ्हाडात आले ते इथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. आमची बोली त्यांना आवडायची, पण जमायची नाही. "मले पाणी देता का?" असं ते मोठ्या ऐटीत विचारायचे आणि बाया पदर तोंडाशी धरून हसायच्या. पटकीच्या साथीत विहिरीत लाल औषध टाकलं तेव्हा लोक ते पाणी प्यायला तयार होईनात. मास्तरांनी बादली ओढली आणि सगळ्यांसमोर ओंजळीनं पोटभर प्याले. मग गाव प्यालं.

तरी गाव त्यांच्यावर एकदा उलटलं होतं. महारवाड्यातली मुलं ओसरीवर बसून शिकायची. मी दुसरीत असताना मास्तरांनी एक दिवस त्यांना आत आणून आमच्या रांगेत बसवलं. दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा रिकामी. माझ्या बाबांनीही मला घरी बसवलं.

मास्तर भांडायला आले नाहीत. संध्याकाळी फिरून येताना ते आमच्या ओट्यावर टेकू लागले. कापसाला भाव काय, बैलाचा पाय बरा झाला का, असं बोलायचे आणि उठून जायचे. शाळेचं नाव नाही. माझं नाव नाही. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी आईच बाबांना म्हणाली, "रोज येते तो मानूस. पोरीचा एक शब्द काढत नाई. मलेच लाज वाटून राह्यली."

"मंग मी काय करू?" बाबा म्हणाले.

"धाडा तिले शाळेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाटी त्यांनीच खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. मास्तरांचं येणं मात्र थांबलं नाही. पुढे पुढे तर बाबाच त्यांची वाट बघायचे.

त्या दिवशी बाबा वखर तसाच वावरात सोडून शाळेत आले. मास्तरांना तोवर अंगणात निजवलं होतं. बाबा त्यांच्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काल संध्याकाळी तं माह्या ओट्यावर होते." कुणी आलं की बाबा त्याला हेच सांगायचे. जणू समोरच्यानं म्हणावं, हो ना, मग हे कसं होईल?

नातेवाईक दूर, त्यात ऊन. थांबण्यात अर्थ नव्हता. मास्तरांच्या जातीची गावात दोन घरं होती, त्यांतले दोघे खांद्याला आले. बाकीचे दोन खांदे पाटलांनी आणि माझ्या बाबांनी द्यायचं ठरलं. तिरडी उचलली. एवढ्यात फाटकाबाहेर उभ्या असलेल्या महारवाड्यातल्या माणसांमधून एकजण पुढे आला. ओसरीवर बसून चौथी झालेला, आता बायकापोरं असलेला माणूस. तो हात जोडून म्हणाला, "आमालेबी खांदा देऊ द्या."

"मागं हो," कुणीतरी ओरडलं. "काई कळते का तुले?"

तो मागे झाला नाही. म्हणाला, "आमच्या पाट्या त्यायनं हातात घेतल्या. आज आमी त्यायले हात लावला तं काय बिघडते?"

ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही मुली कडुनिंबाखाली बायकांजवळ उभ्या होतो. मला बाबांची फक्त पाठ दिसत होती. ते म्हणाले, "ये. माह्या जागी लाग."

माझ्या शेजारी आईनं माझा दंड इतका जोरात धरला की दुखला. माझे बाबा! ज्यांनी महारवाड्यातल्या मुलांमुळे मला शाळेतून काढलं होतं ते! बाबा बाजूला झाले, तो माणूस खांद्याखाली आला आणि क्षणभर त्या दोघांचे खांदे एकमेकांना घासले. मास्तरांच्या जातीचा एकजण आपला खांदा पाटलांच्या पोराला देऊन तडक घरी निघून गेला. तिरडी मात्र थांबली नाही.

त्या घटनेचं फळ आम्हाला मिळालं. भावकीतल्या काही घरांनी आमच्याकडचं जेवण बंद केलं. माझ्या मामेभावाच्या लग्नात बाबांना पंगतीतून बाजूला बसवलं. ते जेवून शांतपणे परत आले. नवे हेडमास्तर रुजू झाले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी महारवाड्यातली मुलं कुठे बसायची असं विचारलं, तेव्हा पाटील आणि बाबा दारातच उभे होते. "बसली हायेत तिथंच बसतीन," पाटील म्हणाले. विषय तिथेच संपला. मी चौथीची परीक्षा वाशीमला जाऊन दिली आणि पास झाले.

पुष्कळ वर्षांनी, बाबा थकल्यावर, मी त्यांना विचारलं, "बाबा, तुमी त्या दिवशी काहून सरकले बाजूले? मास्तरांचं पटलं होतं म्हणून?"

बाबा म्हणाले, "पटलंबिटलं मले काई ठाऊक नाई, पोरी. माहं डोस्कंच चालत नव्हतं. मास्तर मेले हेच खरं वाटून नव्हतं राह्यलं. अन त्या मानसाच्या तोंडाकडं पायलं, तं त्यालेबी खरं वाटत नव्हतं."