‘एंटने क्रॉस’चा पहिला भाग

गुरुराजकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. चामराजपेटेतल्या एका छापखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं कानडी पुस्तकांची प्रुफं तपासली. दिवसभर पुस्तकांतल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी बसवनगुडीला घरी आलं की काकूंच्या बोलण्यातल्या, असा त्यांचा दिनक्रम. आमचं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळूरला आलं, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावंच लागतं. एवढ्या वर्षांत आमचं मराठी अर्धंमुर्धं कानडी झालं आणि कानडी मात्र अस्सल. वसुमतीकाकू लग्न होऊन साताऱ्याहून आल्या, आणि त्यांचं कानडी शेवटपर्यंत सातारचंच राहिलं. दूधवाल्याला त्या आदरानं ‘बन्नी’, म्हणजे ‘या’, म्हणायच्या आणि त्याच्या म्हशीलाही ‘बन्नी’च. काका पाहुण्यांसमोर त्यांची नक्कल करायचे आणि आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे, हे आधीच सांगून टाकते.

त्र्याण्णव साली बनशंकरीच्या नव्या वसाहतीतलं सुलभाताईंचं घर एका कन्नड मालिकेच्या चित्रीकरणाला दिलं होतं. सुलभाताई काकूंची मैत्रीण. मालिकेचं नाव ‘एंटने क्रॉस’, आठवा क्रॉस, म्हणजे आठवी आडवी गल्ली. एका रस्त्यावरची चार घरं, पाण्याचा टँकर, कंपाउंडवरून भांडणं, मधेच एखादं डोळ्यांत पाणी आणणारं प्रकरण, असा सगळा मामला. काकू सहज बघायला गेल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांत लाइटवाल्यांनी स्टँड रोवला होता, म्हणून त्यांनी त्या लोकांची अशी काही हजेरी घेतली की दिग्दर्शकानं तिथंच त्यांना शेजारणीचं काम देऊन टाकलं. फाटकात उभं राहून टँकरवाल्याशी भांडायचं. चार मिनिटांचं काम, तेही फक्त पहिल्या भागात. काकूंनी पुढचे दोन महिने हे सांगितलं नाही असा माणूस गांधीबाजारात उरला नसेल.

तो भाग दाखवला त्या संध्याकाळी काका घरी नव्हते. छापखान्यात तातडीचं काम होतं, पण रजा मागितली असती तर मिळाली असती. सकाळी चप्पल घालताना ते म्हणाले, “तुझं कानडी मी रोज फुकट ऐकतोच की. टीव्हीवर कशाला?” साडेसातला आम्ही दोघीच टीव्हीसमोर बसलो. काकू पडद्यावर आल्या, पदर खोचून फाटकात उभ्या राहिल्या, त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून भलताच आवाज आला.

त्या काळी मालिकांमधलं बोलणं मागाहून स्टुडिओत भरत. ज्याचं कानडी साफ नसेल त्याच्या तोंडी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घालत. काकूंना हे कुणी सांगितलंही नव्हतं. कुणा एका बाईचा नाकातून येणारा, घोटीव आवाज काकूंच्या ओठांवर चार मिनिटं चालला. काकू शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग उठून टीव्ही बंद केला आणि मला म्हणाल्या, “बरं झालं, ह्यांनी बघितलं नाही. तू सांगू नकोस हो कधी.” मी शब्द दिला.

सत्त्याण्णवच्या आषाढात काकूंना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. एकवीस दिवस त्या इस्पितळात होत्या. काका खाटेशी बसून त्यांना काहीतरी बोलायला सांगत राहायचे. त्या नुसत्या बघायच्या. बाविसाव्या दिवशी गेल्या.

काका रडले, सावरले, स्वतःचा भात स्वतः शिजवायला लागले. आम्हाला वाटलं, आता मार्गी लागतील. आठ महिन्यांनी एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. मी मागच्याच बाजूला राहते, शाळेत शिकवते, चाळिशी उलटली तरी त्यांच्या तोंडी मी पुट्टीच, म्हणजे छोटीच. अंगातला सदरा उलटा होता. ते म्हणाले, “पुट्टी, मला तिचा आवाज आठवेना. चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसतात, आवाज नाही.”

मी म्हटलं, आठवेल, स्वल्प धीर धरा. पण ते धीर धरण्याच्या पलीकडे गेले होते. घरातल्या सगळ्या कॅसेटी त्यांनी ऐकून काढल्या. माझ्या भाच्याच्या, मल्हारच्या मुंजीच्या कॅसेटमध्ये नुसतं नादस्वर, आमच्याकडची सनई, वाजत होतं. साताऱ्याला पत्र टाकलं, तिथंही काही नव्हतं. पोपट पाळलेल्या एका ओळखीच्या घरी जाऊन त्यांनी तो पोपट काकूंसारखं काही बोलतो का, हेसुद्धा विचारलं. मग एक दिवस त्यांना ‘एंटने क्रॉस’ आठवलं.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. पण काका त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा दाढी करून आले होते. पोटभर जेवले. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन टीव्हीच्या कचेरीत गेले. तिथं कळलं की जुन्या टेपा पुसून त्यांच्यावर नवीन कार्यक्रम भरतात. मग दिग्दर्शकाचा पत्ता काढला, तर तो गाव सोडून गेलेला. काका रोज कुठं ना कुठं जात आणि संध्याकाळी येऊन मला सगळं सांगत. मी रोज ऐकून घेत होते. मनातून वाटायचं, नाहीच सापडणार, मग आपण कशाला वाईट व्हा. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट वाटायची. ती नक्कल, ते हसणं, ती चप्पल घालतानाची सकाळ. सापडलीच तर सापडू दे, ऐकू दे त्यांना एकदा. एवढी मी वाईट आहे.

कॅसेट सापडली. सुलभाताई मुलीकडे म्हैसूरला राहायला गेल्या होत्या, त्यांनी आपलं घर दिसतं म्हणून पहिला भाग उतरवून ठेवला होता. काका सकाळच्या बसनं गेले आणि कॅसेट टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. रविवारी व्हीसीआर भाड्यानं आणला. इस्त्रीचा सदरा घातला. टीव्हीपुढे स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, त्यात कोरी कॅसेट. आवाज त्यात उतरवून घ्यायचा आणि रोज सकाळी लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी म्हटलं, “काका, आधी माझं ऐका.” त्यांनी दोन बटणं दाबली आणि ओठांवर बोट ठेवलं. रेकॉर्डिंग चालू झालं होतं.

काकू फाटकात आल्या. काका पुढं सरकले. ती बाई बोलायला लागली. काकांनी आधी टीव्हीचं बटण फिरवून बघितलं. मग व्हीसीआरवर थाप मारली. टेप मागं घेऊन पुन्हा लावली, तिसऱ्यांदा लावली. चौथ्या वेळी त्यांनी काकूंचे ओठ हलत असतानाच चित्र थांबवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “हे कोण बोलतंय?”

मी सगळं सांगितलं. स्टुडिओतली पद्धत सांगितली, ती संध्याकाळ सांगितली, काकूंनी घेतलेला शब्द सांगितला. त्यांनी मला रागवायला हवं होतं. मी त्याची वाटच बघत होते.

“एकही चूक नाही,” काका म्हणाले. “इतकी वाक्यं बोलली, एकही चूक नाही.” आणि ते तोंडात टॉवेल कोंबून रडले.

इथं संपलं असतं तरी मी सोसलं असतं. पंधरा दिवसांनी ते परत माझ्या दारात आले. म्हणाले, आता काकू बोलतात. स्वयंपाकघरातून हाक मारतात, झोपेत येतात, पण त्या बाईच्या आवाजात, साफ कानडीत. आधी निदान काही नव्हतं. आता साताऱ्याच्या गोष्टीसुद्धा ती बाईच सांगते, तिला घराबाहेर कसं काढायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग माझा हात धरून म्हणाले, “पुट्टी, तू तिचं बोलणं जन्मभर ऐकलंस. ती मला हाक कशी मारायची? तू मारून दाखव.”

शब्द मला पाठ होते. ‘अहो, ऐकलंत का.’ दिवसातून वीस वेळा ऐकलेले शब्द. मी डोळे मिटले, काकूंना समोर आणलं, आणि माझ्याही कानात ती नाकात बोलणारी बाईच बोलली. तरी मी हाक मारली. काकांनी मान खाली घालून ऐकलं.

“नाही,” म्हणाले. “पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं, थोडं जाड आवाजात.

“नाही.”

आता ते रोज शाळा सुटल्यावर येतात. मी चहा टाकते, हाक मारते. कधी हळू, कधी लांबवून. ते ऐकतात, मान हलवतात आणि उद्या येतो म्हणून जातात.